कांद्यातला करकोचा

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी कांद्याला पाणी देत होतो.

ती शहरातल्या दवाखान्यात होती, तिची थोरली बहीण तिच्याजवळ होती, आणि मला तिनेच घरी हाकललं होतं. "इथं बसून माझ्या तोंडाकडे काय बघताय? रोपं वाळतील, जा." रोपं तिच्याच हातची होती. लावताना पोटात दुखत होतं, पण बोलली नाही. शेवटची ओळ संपल्यावर बांधावर बसली आणि म्हणाली, "हं, आता दुखतंय." तिच्याकडे दुखण्यालासुद्धा काम संपेपर्यंत थांबावं लागायचं.

मोबाइल मी घरी खुंटीला टांगून शेतात जातो, म्हणून दवाखान्यातून फोन गेला वायरमनला. या माणसाला वाईट बातमी सांगता येत नाही. कुणाचं कनेक्शन कापायचं असलं तरी आधी चहा मागतो. त्या दिवशी मोटारसायकल लावून तो बांधावर आला आणि म्हणाला, "पाणी चांगलं चाललंय."

"चाललंय."

"मोटार नवीन बसवली का?"

"जुनीच आहे."

मग तो रडायला लागला. मला कळलं.

मी फावडं टाकलं, त्याच्या मागे बसलो आणि गेलो. विहिरीवरची मोटार बंद करायचं मला सुचलं नाही, ते ठीक. पण हा माणूस आयुष्यभर लोकांची वीज बंद करत आलाय, त्यालाही सुचलं नाही.

सगळं उरकून परत आलो तेव्हा विहिरीचं पाणी कांद्यात होतं आणि विहिरीत चिखल. चिकण जमीन, पाणी पिणार नाही. वाफे, पाट सगळं एक झालेलं, मधून रोपांची टोकं तेवढी वर. आक्का, म्हणजे मेहुणी, माझ्याबरोबर आली होती. तिने एकदा शेताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"दाजी, तिची शेवटची लावण आहे ही."

"माहीत आहे."

"मग बांध फोडा. पाणी ओढ्याला जाऊ दे. कांदा वाचेल."

"चहा घेतो आणि फोडतो," मी म्हणालो.

तेवढ्यात भेटायला मंडळी आली. न्हावी, कंपाउंडर आणि वायरमन. हे तिघे आणि माझी बायको मिळून गावाचं पक्षीमंडळ होतं. थंडी पडली की लांबलांबचे पक्षी तळ्यावर उतरतात, आणि यांची कामधंद्याची शुद्ध जाते. न्हाव्याने एकदा एकाची अर्धी दाढी ठेवून तळ्याकडे धूम ठोकली होती. तो गृहस्थ फेस घेऊन बसून राहिला. दुर्बीण एकच, न्हाव्याची. तिचा नियम असा की ती हातोहात फिरवायची आणि सगळ्यांचं बघून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. नाहीतर पहिला म्हणतो गरुड, आणि बाकीच्यांना घारीचा गरुड दिसायला लागतो. आणि एकट्याने पाहिलेला पक्षी यादीत धरायचा नाही.

या नियमात माझी बायको मार खाऊन होती. काही वर्षांपूर्वी तिला काळा करकोचा दिसला होता. आमच्याकडे सहसा येत नाही तो. पण ती एकटी होती, धुण्याचा पिळा हातात होता आणि पक्षी वरून निघून गेला होता. मंडळाने धरला नाही. तेव्हापासून दर थंडीत ती मान वर करून धुणं वाळत घालायची. माझे शर्ट शेजारच्यांच्या दोरीवर जायचे.

तर मंडळी बाहेरच्या खोलीत बसली. न्हावी म्हणाला, "फार वाईट झालं."

"हो."

"माणूस गेलं की घर..." कंपाउंडर म्हणाला आणि थांबला. त्याची नजर खिडकीतून शेतावर गेली होती. मला वाटलं गहिवरून आलं. मग वायरमन थांबला. न्हाव्याने पिशवीत हात घातला. भेटायला येताना माणूस केळी आणतो, याने दुर्बीण आणली होती.

कुणी बोललं नाही. न्हाव्याने पाहिलं, कंपाउंडरला दिली. त्याने पाहिलं, वायरमनला दिली. वायरमनने पाहून सवयीने डाव्या हाताला पुढे केली. डावीकडे भिंत होती. माझ्या बायकोची जागा नेहमी त्याच्या डावीकडे. हात तसाच राहिला. मग त्याने तो वळवून दुर्बीण माझ्या हातात ठेवली.

मी आधी उलटी लावली. माझंच शेत फार लांब दिसलं. सरळ केल्यावर दिसला. कांद्याच्या मधोमध उभा. काळा, पोट पांढरं, पाय लाल, चोच लाल. एक बेडूक उचलला आणि गिळला.

"आता बोला," न्हावी म्हणाला.

"काळा करकोचा," तिघं एकदम म्हणाले.

"चहा," आक्का म्हणाली. ती कप घेऊन दारात उभी होती. "काय बघताय सगळे?"

सांगितल्यावर तिने कप खाली ठेवले. "मग दाजी, बांध फोडताय ना?"

न्हाव्याने हात जोडले. "आक्का, आज नको. पाणी गेलं की तो गेला."

"जाऊ दे की! माझी बहीण गेली, त्याचं काय घेऊन बसलास?"

"तिनेच त्याची वाट पाहिली ना इतकी वर्षं."

"आणि ही रोपं लावताना तुम्ही आला होता का कुणी? तिची कंबर मोडली इथं. ती रोपं कुजवू काय या बगळ्यासाठी?"

"बगळा नाही, करकोचा," कंपाउंडर हळूच म्हणाला.

"तू गप. तुझ्या गोळ्यांनी माझा गुडघा गेला."

"कांदा दमाचा असतो, आक्का. दोन दिवस पाण्यात काढतो," न्हावी म्हणाला.

"तुला घालते पाण्यात. बघू किती दम आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "उद्या बघू." हे वाक्य मी लग्नापासून वापरत आलोय.

त्या संध्याकाळी वायरमनने करकोच्याचा फोटो कुठल्याशा ग्रुपवर टाकला. सकाळी रस्त्याला गाड्या. लोकांकडे तोफेएवढे कॅमेरे, अंगात पानांच्या रंगाचे कपडे. आमच्या शेतात एकही झाड नाही, तेव्हा हे लपणार कुठं, देवाला माहीत. आक्का शिव्या देत सगळ्यांना चहा करत होती. साखर मात्र हात न आखडता घालत होती.

एक टोपीवाला माझा हात धरून जोरजोरात हलवायला लागला. "अभिनंदन! तुम्ही फार नशीबवान आहात हो."

"असं म्हणता?"

"माणसं जन्मभर फिरतात, तरी दिसत नाही. तुमच्या तर दारात. तुमच्या मिसेसना फार नाद आहे म्हणे पक्ष्यांचा? कुठे आहेत त्या?"

न्हाव्याने त्याला कोपर मारलं.

"तिची चुकामूक झाली," मी म्हणालो. "तुम्ही चहा घ्या."

दोनाचे चार दिवस झाले. रोपांची टोकं पिवळी पडायला लागली. एका सकाळी, गाड्या यायच्या आधी, मी फावडं घेऊन बांधावर गेलो. आज फोडायचाच, असं ठरवून गेलो होतो. पाणी निवळलं होतं. खाली तिच्या ओळी दिसत होत्या. सरळ, दोरी न लावता सरळ. आणि त्यातून तो चालला होता, एक एक पाय उचलून, पण रोपावर पाय देत नव्हता. ओळींच्या मधून चालत होता. मी दरवर्षी मजूर पोरींच्या मागे ओरडून थकलो होतो की लावणीत असं चाला.

"मेल्या," मी त्याला म्हणालो, "ती होती तेव्हा कुठं तडमडला होतास?"

त्याने मान वाकडी करून पाहिलं आणि परत बेडूक शोधायला लागला.

आक्का मागे येऊन उभी राहिली. इतके दिवस तिने शेताकडे पाठ करून चहा केला होता. आता पाहिलं.

"चोच लाल आहे की."

"हो."

"मला फोनवर सांगितलं होतं तिने. लाल चोच, लाल पाय. मी म्हटलं, बाई, चष्मा बदल." पदराने नाक पुसून ती म्हणाली, "तरी फोडा दाजी. तो काय, उद्या उडून जाईल. तिच्या हातचं एवढंच आहे."

मी फावडं उचललं. उचललं आणि बांधाला टेकवून ठेवलं.

"नाही फोडत."

"कुजतील."

"कुजू देत."

आक्का वळली. घरात गेली, पिशवी भरली आणि पहिल्या गाडीने आपल्या गावी निघून गेली. जाताना तिने चहाची भांडी घासून पालथी घातली होती.

करकोचा त्यानंतर आठवडाभर राहिला. कधी गेला, ते मंडळापैकी एकालाही दिसलं नाही. कंपाउंडर दवाखान्यात होता, वायरमन खांबावर, आणि न्हाव्याला त्या दिवशी म्हणे एकही दाढी सोडवेना. कॅमेरेवाले दुसऱ्या गावच्या घुबडाकडे वळले.

मग एका सकाळी न्हावी माझी दाढी करायला घरी आला. फेस लावता लावता म्हणाला, "मंडळात ठरलं. वहिनींनी त्या वर्षी पाहिलेला करकोचा आम्ही धरला."

"कशावरून?"

"आता हा आलाय म्हटल्यावर तोही आला असेल."

"दोघांनी बघायचा नियम?"

"नियम वाकवला."

"तिला कळवलं का?"

त्याचा वस्तरा हवेत थांबला. मग तो हसला आणि मीही हसलो. फेस तोंडात गेला. त्याने माझी पूर्ण दाढी केली, अर्ध्यावर सोडून कुठे गेला नाही. तेवढं पुष्कळ झालं.

कांदा सगळा गेला. वारा फिरला की वास घरात येतो. आक्काला अजून फोन केलेला नाही. पाणी तसंच उभं आहे, आणि बांध अजून फोडायचा राहिलाय.