मागच्या रांगेसाठी रंगवलेले डोळे

मी ब्रश बोलतोय. पार्लरमधल्या डझनभर भावंडांतला नव्हे हं. माझा जन्म चित्रांच्या जलरंगांसाठी झाला. म्हापशाच्या बाजारात शाळेच्या वह्यांशेजारी पडून होतो. धारगळच्या गोकुळदासांनी माझे खारीचे केस बोटावर फिरवून बघितले आणि मला घरी आणलं.

गोकुळदास दशावतारी नाटकात राणीचं काम करायचे. पापणीवर निळा रंग थेट भुवईपर्यंत, ओठ लालभडक, काजळाची रेघ कानाकडे ओढलेली. "मागच्या रांगेतल्या म्हातारेक डोळे दिसूक जाय," हा त्यांचा नियम. रंग चढला की सकाळी बैल हाकणारा माणूस पदर सावरू लागे. मला त्याचा मोठा अभिमान.

त्यांची मुलगी संजना हिला मात्र लाज वाटायची. "राणीचां चेडू आयलां!" म्हणजे राणीची मुलगी आली, असं म्हणत शाळेतल्या पोरी चिडवायच्या. ती बाबांच्या रंगपेटीला कधी शिवली नाही. हळर्णला तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने एवढंच मागितलं: मांडवात नाटकाचा विषय नको आणि सजवायला म्हापशाची पार्लरवाली हवी. गोकुळदास "बरं" म्हणाले आणि आमची पेटी माळ्यावर गेली.

ते दिवस गोव्यातल्या राजभाषेच्या आंदोलनाचे. लग्नाच्या सकाळीच कळलं की रस्ता बंद आहे.

"ती बाई आता खंयसून येतली? रस्त्यार झाडां आडवी घातल्यात," संजनाची आई देवकी म्हणाली.

शेवटी संजनाच म्हणाली, "बाबा, तुमीच करा." आवाज रडवेला होता.

गोकुळदासांनी पेटी माळ्यावरून उतरवली, सवयीप्रमाणे दार लोटलं, दिवा लावला आणि मला हातात घेतलं. तीस वर्षं त्यांनी एकच चेहरा रंगवला होता, स्वतःचा. हात आपोआप चालू लागला. मीही मूर्ख, खुशीत नाचत राहिलो. तासाभराने संजना आरसा घेऊन अंगणातल्या उन्हात गेली आणि तिथूनच ओरडली.

"बाबा, ही द्रौपदी जाली! माका कोण वळखतलो?"

खरंच, नाकापेक्षा मोती जड झाला होता. गोकुळदासांनी खोबरेलाची वाटी आणली आणि सगळा रंग पुसून काढला. "चुकलंय गे. हंयसर मागली रांग नाय."

मग तिला आंब्याखाली उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि नुसते बघत राहिले. लेकीचा चेहरा इतक्या जवळून त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा. तिच्या उजव्या पापणीवर बारीक तीळ होता. नाटकात तोंडाला फासायच्या सफेद्याचा डबा बंदच राहिला. तांबड्यात काजळाचा कण कालवून त्यांनी तपकिरी छटा केली आणि तीळ झाकू न देता मला पापणीवर हलकेच टेकवलं. लिपस्टिक लावली नि टिपली, पुन्हा लावली नि टिपली, ती ओठांचीच वाटेपर्यंत.

मांडवात नवऱ्या मुलाची आत्या सुनेला निरखत म्हणाली, "कितें बरी सजयली गे! खंयची पार्लरवाली?"

गोकुळदास खांबाआड सरकले. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतो. त्यांच्या छातीतली धडधड मला कळत होती.

"पार्लरवाली न्हय," संजना सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "माझ्या बाबान. ते नाटकात राणीचां काम करतत."

आता गोकुळदासांना जाऊन सहा वर्षं झाली. मी हळर्णला संजनाच्या कपाटात असतो. केस गळालेत, दांडा चिरलाय. तिची लेक रोहिणी कालच ब्रशांचा नवा संच घेऊन आली आणि मलाही शाम्पूने धुऊन काढते म्हणाली.

रोहिणीबाय, हवं तर मला टाकून दे, पण धुऊ नकोस. माझ्या केसांच्या मुळाशी तुझ्या आजोबांचा लाल रंग अजून आहे. तुझी आई अधूनमधून कपाट उघडते आणि काहीही न रंगवता मला नुसतं हातात धरून बसते, ते त्यासाठीच.