ताकातलं औषध

प्रयोगशाळेत जेवायला बसलेल्या रुपालीने डब्यातलं ताक पेल्यात ओतलं आणि पेला तोंडाशी नेता नेता तिचा हात थांबला.

तिचे वडील बिरुदेव आप्पा मेंढरांना औषध कधीच पाण्यातून पाजत नाहीत. आंबट ताकात कालवूनच पाजायचं, ही त्यांची पहिल्यापासूनची रीत. आणि काल कुंभारी गावात त्यांच्या हाती जंतांच्या औषधाची पुडी देताना ती नुसतं "पाजा" म्हणून आली होती.

ते औषध तिच्याच संशोधनातलं होतं. कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान नावाचा पदार्थ काढतात. त्याचा प्रत्येक रेणू म्हणजे लांबलचक साखळी. ही साखळी सुताच्या गुंडीसारखी औषधाभोवती गुंडाळली जाते आणि मेंढीच्या पोटात महिनाभर ते थोडं थोडं सोडत राहते. तिची पकड किती घट्ट, हे रुपालीने कम्प्युटरवर कितीदा तरी तपासलं होतं. पण दर वेळी भोवती साधं पाणीच धरलं होतं.

तिने मॉडेलमध्ये ताकाइतका आंबटपणा भरला. साखळीच्या दुव्यादुव्यावर सारखाच विद्युतभार चढला. सारखे भार एकमेकांना ढकलतात. बघता बघता पडद्यावरची गुंडी फुगली, उसवली आणि औषधाचे कण भराभर बाहेर सांडले. महिन्याचं औषध एका घोटात!

आप्पांचा फोन नुसता वाजत राहिला. तिने स्कूटी काढली.

अख्खं सोलापूर ओलांडून ती कुंभारीच्या रानात पोचली, तेव्हा बिरुदेव बाभळीखाली बसले होते.

"आप्पा, औषध पाजलं?"

"घंटेवालीला तेवढं पाजलंय. तिनं रवंथ केला की मग बाकीच्यास्नी. रीत इसरलीस व्हय शहरात जाऊन?"

"कशातनं दिलं?"

"ताकातनं. मग काय च्यात देऊ?"

रुपाली पळत सुटली. कुंपणाशी घंटेवाली मेंढी आडवी पडली होती. तोंडातून लाळ गळत होती आणि अंग असं थरथरत होतं, की गळ्यातली घंटा आपोआप किणकिणत होती.

"आप्पा, औषध जादा झालंय तिला. चूक माजी हाय."

बिरुदेवांचं हसू मावळलं. रुपालीने बोलावलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी येऊन सुई टोचली. ते म्हणाले, "आता वाट बघायची."

रुपाली मेंढीच्या मानेवर हात ठेवून बसली. घंटा वाजत होती. ऊन कलंडलं, तरी वाजतच होती. आणि मग एकाएकी थांबली.

रुपालीला मान वळवून बघायचा धीर होईना. तेवढ्यात हाताखाली काहीतरी हललं. मेंढीचा जबडा सावकाश फिरत होता. ती रवंथ करत होती.

बिरुदेवांनी डोळे पुसले. "झ्याक झालं. बाकीच्यास्नी उद्या पाण्यातनं देऊ की. तू केलंय म्हंजी चांगलंच असंल."

रुपालीने औषधाची पुडी उचलून आपल्या पिशवीत घातली.

"न्हाय आप्पा. अजून काय काय इसरलेय, ते आदी बघू द्या."