दांडीवरची पट्टी

घरात दुखणं आलं की आपण औषध आणतो, पण घराची रीत तसूभर हलवत नाही. मग औषधानं करावं तरी काय? ठाकुर्लीच्या प्रमोदिनीचंच बघा.

दुसऱ्या बाळंतपणापासून तिच्या डाव्या पायाच्या शिरा फुगल्या होत्या. पाय सुजायचा, कातडी काळवंडली आणि घोट्यावर बंद्या रुपयाएवढी जखम झाली. कल्याणच्या डॉक्टरांनी ताणाची पट्टी दिली. बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट गुंडाळायची, दिवसभर ठेवायची. "जखम हाडाला भिडली तर पायाची हमी नाही," असंही बजावलं. दोन महिने झाले, जखम वाढतच होती. तिचा नवरा श्रीपाद डॉक्टरांना नावं ठेवून मोकळा झाला.

शेवटी दवाखान्यातल्या नर्स मालनबाई एका सकाळी घरीच आल्या. प्रमोदिनी सोवळ्यात स्वयंपाक करत होती. पाय उघडा, पट्टी मागच्या दारी तारेवर.

"पट्टी कधी बांधतेस गं?"

"दुपारी. जेवणं उरकली की."

"आणि तोवर?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. रखमाबाई देवघरापाशी वाती वळत होत्या. "सोवळ्यात कसली पट्टी? दवाखान्यातली चिंधी, कोणाकोणाचे हात लागलेली. आमच्याकडे नैवेद्य असतो."

घ्या! पहाटे विहिरीचं पाणी भरण्यापासून पानं वाढेपर्यंत बाई राबणार, सगळी सूज पायात उतरणार आणि मग पट्टी. पूर गावात शिरल्यावर बांध घालण्यातली गत.

प्रमोदिनी पाटावरून उठली. मालनबाईंनी उंबऱ्याबाहेरूनच बोट दाखवलं. "आजी, तो पाट बघा."

पाटावर पिवळसर ओला डाग होता.

"जखमेतून झिरपतंय ते. पट्टीनं सोवळं मोडतं, आणि ह्यानं मोडत नाही? आंघोळ झाली की पाव तास पाय उशीवर ठेवून पडू दे हिला. मग पट्टी बांधूनच कामाला लागू दे."

"सकाळच्या प्रहरी सून पाय वर करून लोळणार?"

"आज पाव तास पडली नाही, तर उद्या कायमची पडेल. मग नैवेद्य कोण करणार?"

रखमाबाईंनी पाट उचलून स्वतः धुतला. "रोज समोर बसत होती गं, आणि मला दिसलं नाही!"

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून प्रमोदिनी सवयीनं चुलीकडे वळली. "थांब," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी काठी घेतली आणि छताजवळच्या सोवळ्याच्या दांडीवरून, स्वतःच्या लुगड्याशेजारून, रात्री धुऊन टाकलेली पट्टी अलगद खाली घेतली.

"पड जरा. चूल मी पेटवलीय."

जखम भरायला पुढे पाच महिने लागले. दोन महिने हकनाक गेले ते गेलेच, आणि घोट्यावरचा काळा डागही राहिला. वाचकहो, देवाला धुतलेली पट्टी चालते. सुनेचा पाय सडवून केलेला नैवेद्य त्याच्या घशाखाली उतरत असेल, असं मला वाटत नाही. तुमच्या घरातल्या सुनेला दुखणं आलं तर सकाळी पाव तास आडवं होता येतं का, तेवढं आज तिला विचारा.