वाटी बाहेर फिरवली तेव्हा

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दोनशे माणसं बसली होती आणि सगळ्यांच्या नजरा एका पाण्याच्या ग्लासावर होत्या. ग्लासात हेडफोनची पिन बुडवलेली. हेडफोन एका शिंप्याच्या डोक्यावर. शिंपी रडत होता.

"वायर पाण्यात, आवाज कानात!" नादबाबा माईकवर गरजले. "मशीन नाही, मोबाइल नाही! कोण बोललं रे?"

"माझा भाऊ," शिंपी म्हणाला. "मी सुखात आहे म्हणाला."

टाळ्या. मग बाबांनी तो हेडफोन जमिनीवर आपटला, वर पाय दिला. काही झालं नाही. "आत्म्याचं वाहन आहे हे. मोडेल कसं?" पुन्हा टाळ्या.

मी मागे उभा होतो, सासूबाई पहिल्या रांगेत. माझा धंदा हेडफोन आणि स्पीकर दुरुस्तीचा. बायको डीजे होती. तिला जाऊन सात महिने झाले. मी भक्तीने आलो नव्हतो. सासूबाईंच्या कानामागच्या कचऱ्यामुळे आलो होतो.

सासूबाई माझ्याकडेच राहतात. काही दिवस त्यांच्या कानामागे काळे बारीक कपटे दिसत होते. हेडफोनच्या गादीचं नकली चामडं जुनं झालं की तसंच सोलतं. माझ्या टेबलाखाली त्याचा ढीग असतो. "आई, हेडफोन कुणाचा घालता?" असं विचारलं, तर त्यांनी पदराने कान पुसले. मग मी गोळ्यांची डबी उघडली. पंधरा दिवसांच्या रक्तदाबाच्या गोळ्या जशाच्या तशा.

"लेक म्हणाली, गोळ्या बंद कर, बाबांचं पाणी घे."

"कुठली लेक?"

"मला किती होत्या?"

बाबांचं पाणी म्हणजे पिन बुडवलेलं पाणी. डॉक्टरांनी समजावून पाहिलं. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही तिला वाचवलंत का?" तेव्हा ठरवलं, आता लेकीलाच विचारू.

रांगेत एक सेविका वहीत माहिती लिहून घेत होती. आत्म्याला सगळं ठाऊक असतं. फक्त नाव, नातं आणि आजार तेवढा आपण सांगायचा.

"पत्नी तुम्हाला काय म्हणून हाक मारायची?"

"मास्तर," मी ठोकून दिलं.

वही पडद्यामागे गेली. थोड्या वेळाने मला खुर्चीत बसवलं.

"दोन्ही कान घट्ट झाका," बाबा म्हणाले. "एक जरी उघडा राहिला, तर आत्मा निसटतो."

हेडफोन हातात येताच कळलं. डीजेचाच होता. डोक्यावरच्या पट्टीत पोलाद असतं, आपटण्यासाठीच बनवतात तो. माझ्या बायकोचा अकरा वर्षं टिकला. टेबलावर फेकला, गाडीच्या डिकीत कोंबला, एकदा स्पीकरच्या ट्रॉलीखाली आला. दोनदा गाद्या बदलल्या, एकदा पिनेजवळची वायर. कुठल्याही आत्म्याने हातभार लावला नाही. पण बाबांच्या हेडफोनची डाव्या कानावरची वाटी उजवीपेक्षा जड होती.

घातला. हॉलचा गलका बंद झाला. डीजेला कर्ण्यांच्या गोंगाटात पुढचं गाणं ऐकायचं असतं, म्हणून हे हेडफोन बाहेरचं सगळं अडवतात आणि खालचे सूर फुगवून देतात. त्यात कुणी कुजबुजलं तरी छातीतून बोलल्यासारखं वाटतं.

"मास्तर..." बाईचा आवाज आला.

खरं सांगतो, अंगावर काटा आला. नाव खोटं होतं, मीच दिलेलं होतं, तरी आला. कुजबुजीला मालक नसतो. ज्याला जो हवा, तो त्याला त्यात ऐकू येतो.

डीजे दोन्ही कान झाकून काम करत नाही. एक कान पुढच्या गाण्याकडे, दुसरा लोकांकडे. त्यासाठी वाटी फिरते. बायको करायची तसंच मी केलं. उजवी वाटी बाहेर वळवली आणि उठून बाबांच्या माईकला लावली.

"मास्तर, मी सुखात आहे," अख्ख्या हॉलमध्ये घुमलं. "औषधं नकोत, बाबांचं पाणी पुरे..."

पहिल्या रांगेतून सासूबाई उठल्या. "मास्तर कोण? ती तर जावईबापूंना शिट्टी मारून बोलवायची!"

लोक हसले. बाबा सावरून म्हणाले, "वर गेल्यावर आत्मा शिट्टी मारत नाही, माउली. वाणी शुद्ध होते."

"आणि लेक आईला मारायला निघते?" मी विचारलं. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून डावी वाटी उघडली. आत नखाएवढा रिसीव्हर, एक बॅटरी आणि खडखडू नये म्हणून कापूस. वायर नुसती शोभेची. शिंप्याने जाऊन पडदा ओढला. मागे एक बाई बसली होती. हातात माईक, पुढ्यात वही, शेजारी चहाचा थर्मास.

"मला नुसतं वाचायला सांगितलंय हो," ती म्हणाली. तिचा आवाज चांगलाच चिरका होता.

बाबा मागच्या जिन्याने गेले. आत्म्याचं वाहन माझ्याकडेच राहिलं. शिंपी जाताना म्हणाला, "बरोबर केलंत. पण जरा बरं वाटत होतं हो."

घरी सासूबाईंनी बायकोचा हेडफोन खुंटीवरून काढला. पिन कशालाच न लावता कानांवर चढवला.

"काही येत नाही."

"नाही येत, आई."

"ती असती, तर गोळ्या चुकवल्या म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं."

"हो."

"मग तो आवाज तिचा नव्हे, हे मला तिथेच कळायला हवं होतं."

मी नळाचं पाणी आणलं. त्यांनी गोळी घेतली.

ज्याचं माणूस जातं, त्याला आवाज हवा असतो. मलाही हवा आहे. म्हणून तर अशा आवाजाला जास्तच प्रश्न विचारायचे. जे आपलं माणूस जिवंतपणी कधी बोललं नसतं, ते मेल्यावर कसं बोलेल? आणि हा स्क्रू उघडू देता का? नाही म्हणाले तर उठावं, घरी यावं आणि औषध वेळेवर घ्यावं.