भेटीला येणारा माणूस

मंडळाच्या कचेरीत छापखान्यातल्या म्हाताऱ्या बाइंडरने डॉक्टरांचा कागद काचेखालच्या फटीतून आत सरकवला. पलीकडच्या मुलीने संगणकावर काहीतरी बडवलं आणि कागद तसाच परत दिला.

"काका, काकूंचं ऑपरेशन यात बसत नाही. सत्तरीनंतर हृदयासाठी पैसे नाही मिळत."

"अगं, पण माणूस तर पाठवा बघायला."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? घरी!"

मुलगी गोंधळली. तिचा तरी काय दोष! बाइंडरसकट छापखान्यातल्या चार टाळक्यांनी वर्गणी काढून आजारी सभासदाला पैसे देणारं हे मंडळ काढलं तेव्हा ती जन्मलीही नव्हती. तेव्हा कोणी अंथरूण धरलं की एक सभासद घरी जायचा, उशाशी बसायचा आणि परत येऊन सांगायचा, "खरंच आजारी आहे, द्या." संपला नियम! बाइंडर स्वतः कितीदा असा गेला. एकदा तापाने फणफणल्याचा निरोप धाडणारा मशीनवाला पांघरुणात बूट घालून सापडला. लबाड लेकाचा! पण चूल थंड दिसली, म्हणून बाइंडरने त्यालाही 'द्या' म्हटलं.

पुढे मंडळ वाढलं, आणखी दोन मंडळं त्यात मिसळली. तरुण सभासदांना घरात कोणी डोकावायला नको झालं. भेटी बंद करायचा ठराव आला तेव्हा सभा लांबली होती, सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. बाइंडरनेही हात वर केला. आपल्याच हाताने पायावर धोंडा, दुसरं काय!

मुलीने त्याला आत साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"तुम्ही होतात म्हणून आम्ही आहोत, काका. माझ्या हातात असतं तर..."

"मग कुणाच्या हातात आहे?"

साहेबांनी खरोखर विचार केला.

"तसं आता कुणाच्याच नाही."

घरी बायको उशीला टेकून बसली होती. केस मुद्दाम विंचरले नव्हते; नीटनेटकी दिसले तर धडधाकट समजतील, असं तिचं म्हणणं.

"अहो, कधी येणार बघायला?"

बाइंडर वाकून चपलेचा पट्टा सोडवत राहिला. पट्टा केव्हाच सुटला होता.

"येऊन गेला," तो म्हणाला. "मीच घेऊन आलो होतो मघाशी. तुला गोळीने गाढ झोप लागली होती."

"अगं बाई! आणि उठवलं नाहीत? घोरत होते का मी?"

"थोडीशी."

ती लाजली. मग चेहरा एकदम उतरला.

"काय म्हणाला?"

ती श्वास धरून बघत होती. आधीच तिला श्वास पुरत नव्हता.

"द्या म्हणाला."

बायकोने डोळे मिटले.

"आपली माणसं ती आपलीच हो. मी उगाच धास्ती घेतली." तिने डोळे पुसले. "मग उभे काय राहिलात? जा, डॉक्टरांकडून तारीख घेऊन या. लवकरची मागा."