मिठाचा ढग आणि लांब दांड्याचा चमचा

मी सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कोणाचाच बसलेला नाही. मी एक जुना, लांब दांड्याचा चमचा आहे. हल्ली आर्खिपआजोबांच्या स्वयंपाकघरात मुरंब्याच्या बरणीत उभा असतो. पण मित्रांनो, एके काळी मी अंतराळस्थानकात राहत होतो. जेवणाच्या पिशवीचा तळ गाठावा तर मीच.

आर्खिप तेव्हा स्थानकाचे प्रमुख. पाहुणा आला की दारातच त्याला पाव आणि मीठ द्यायचे, ही त्यांच्या गावची रीत वरही नव्या तुकडीसाठी पाळली जाई. फक्त तिथे वजनच नसल्याने कोरडे कण तरंगत सुटतात, म्हणून मीठ पाण्यात विरघळवलेले, बाटलीतले असे.

एकदा टेक्सासची डेलिया आली. तिची पहिलीच खेप. बिचारीने रीत पाठ करून ठेवली होती. गळाभेट झाली आणि तिने खिशातून पुडी काढली.

"दादा, या वेळी मीठ माझ्याकडचं. घरचं, कोरडं."

"उघडू नको," असे आर्खिप म्हणेपर्यंत पुडी फाटली होती.

मिठाचा ढग पसरला. आर्खिप डोळे चोळू लागले. ढग हवेच्या यंत्राकडे निघाला. मीठ आत शिरले असते तर सगळ्यांच्या श्वासाची पंचाईत. डेलियाचा चेहरा पडला. "आल्या आल्या घर बुडवलं मी तुमचं."

"बाई, आमच्याकडे मीठ पावावर घालतात, यजमानाच्या डोळ्यांत नाही," आर्खिप म्हणाले. "पंखा बंद कर आणि तो चमचा दे."

माझ्यावर त्यांनी लिंबाएवढा पाण्याचा गोळा बसवला आणि मला ढगातून फिरवले. कण गोळ्याला चिकटत गेले. आर्खिपचे डोळे मिटलेले, म्हणून डेलिया मागून वाट दाखवत होती. "डावीकडे, दादा. अजून. आता तुमच्याच नाकाकडे."

ढग विरला. तेच खारे पाणी पावाला लावून सगळ्यांनी खाल्ले. "खारट झालाय," डेलिया म्हणाली.

"असू दे. आता खाल्ल्या मिठाला जागायचं," आर्खिप म्हणाले, आणि पहिल्यांदाच ती हसली.

मित्रांनो, नवख्याची चूक सावरून घ्यावी, आणि जुन्या चमच्याला बरणीत विसरू नये. कारण खरी कामगिरी तर पुढेच आहे. उरलेली चिमूट खाली जमिनीवर सांडली होती; मी एकटाच खाली उतरलो आणि...

"थांब," बरणीचे झाकण हातात धरून आजोबांची नात उस्तिन्या म्हणाली. "वर कुठली आलीय जमीन? आणि मीठ खाली सांडलंच कसं?"