सायलीच्या कमरेचा पट्टा

मी एक जुना कमरेचा पट्टा आहे. जुना म्हणजे तीनच वर्षांचा, पण मित्रांनो, आमच्यात तीन वर्षं म्हणजे म्हातारपणच! चिकटपट्टी घासलीय, इलॅस्टिक लोंबतंय आणि अंगभर रेशमाची तुसं. कारण मी येवल्यात पैठणी विणणाऱ्या सायलीच्या कमरेला होतो.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. नाशिकच्या औषधाच्या दुकानात मी खोक्यात पडलो होतो. सायलीची कंबर दुखायला लागली म्हणून तिचा नवरा हर्षल आला, मला घेतलं आणि येवल्यापर्यंत एसटीत मांडीवर धरून बसला. काय रुबाब होता माझा! रोज सकाळी तो स्वतः मला बांधायचा, "फार घट्ट झाला का गं?" विचारायचा, चर्रकन सोडायचा, परत बांधायचा. सासूबाई, म्हणजे कुसाबाई, तेल गरम करून द्यायच्या. आणि मागावर तिची मैत्रीण निकिता! पदरावर मोर असला की दोघी एकाच फळीवर शेजारी बसायच्या, पाय खाली खड्ड्यात सोडून. विणलेलं घट्ट बसवायला फणी ठोकली, की दणका थेट सायलीच्या कमरेत. निकिताला ते न सांगता कळायचं. म्हणायची, "सायले, तू मोर भर. ठोकते मी."

मग एक्सरे काढला. रिपोर्ट नॉर्मल! कुसाबाईंनी गल्लीत पेढे वाटले. रडली ती एकटी सायली, कारण कंबर होती तशीच होती. मला तेव्हा वाटलं, वेडीच आहे ही. माझंच चुकलं. त्या दिवसापासून तेल बंद झालं. हर्षल मला बांधेनासा झाला. दुखतंय म्हटलं, की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा.

तेवढ्यात निकिताच्या भावाचं लग्न आलं. हर्षल म्हणाला, फोटोत पट्टा फुगलेला दिसतो, आजच्या दिवस काढ. मी गेलो पिशवीत. वरातीत निकितानं तिला हात धरून ओढलं आणि सायली नाचली. एक गाणं, फक्त एक! पुढचे पाच दिवस तिला कुशीवर वळता येईना. सहाव्या दिवशी निकिता घरी आली. पदर अर्धाच राहिला होता, साडी मागवणारा शेठ रोज फोन करत होता. तिनं मोबाईल पुढं धरला. फोटोत सायली हात वर करून हसत होती.

"नाचताना नाही दुखली का कंबर?"

सायलीनं हर्षलकडे पाहिलं. आता हा बोलेल, असं मलाही वाटलं. तो चार्जर शोधत राहिला.

आता निकिता दुसरीबरोबर बसते. सायली एकटीच बिनमोराच्या साड्या विणते, आणि कोणी विचारलं तर "मस्त आहे" म्हणते. घरात सगळे खूश. बरी झाली म्हणे.

मागच्या महिन्यात कुसाबाई हंडा उचलायला वाकल्या, त्या वाकलेल्याच राहिल्या. त्यांच्या एक्सरेत मात्र मणका सरकलेला दिसला. हर्षल ती काळी फिल्म खिडकीशी धरून येईल त्याला दाखवत होता. निकितासुद्धा द्राक्षं घेऊन आली. नवा पट्टा येईपर्यंत मीच कामाला. चिकटेना, म्हणून सायलीनं मला पिना लावून बांधलं.

कुसाबाई कण्हत म्हणाल्या, "लय कळ मारती गं. तुला बी असंच व्हायचं का?"

सायलीनं शेवटची पिन लावली.

"नाही हो आई. माझा रिपोर्ट नॉर्मल होता ना."

मग ती चहा ठेवायला उठली. उठताना तिनं दाराची चौकट गच्च धरली. निकितानं ते पाहिलं, आणि मोबाईल काढून खाली बघायला लागली.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी फाटलो तर दुकानात दुसरा मिळतो. पण तुमच्या घरात, तुमच्या टोळक्यात कोणी दुखतंय म्हणालं, तर तिचे फोटो तपासत बसू नका. तिच्या शेजारी फळीवर बसा आणि एवढंच म्हणा, ठोकते मी.